साडेआठ डॉलरचं इम्प्लांट आणि नसलेला रकाना

पीएचडीच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो: "तुमचं आउटकम काय, आणि ते मोजणार कसं?" पहिल्या अर्ध्याचं उत्तर बहुतेक जण पाठ करून जातात. दुसऱ्या अर्ध्याला "एनएफएचएसचा डेटा आहे ना" असं म्हणून मोकळे होतात. आज या दुसऱ्या अर्ध्यावरच लिहायचं आहे. त्यासाठी मुद्दाम अशी योजना घेतली आहे जिचं जगभर कौतुक होतं, आणि ते बऱ्याच अंशी रास्तही आहे. फसलेल्या योजनेवर टीका करणं सोपं असतं, पण त्यातून शिकायला फारसं मिळत नाही.

गोष्ट गर्भनिरोधक इम्प्लांटची आहे. काडेपेटीतल्या काडीएवढी, मऊ, वाकणारी काडी. ती दंडाच्या आतल्या बाजूला, कातडीच्या लगेच खाली बसवतात आणि तिच्यातून संप्रेरक वर्षानुवर्षं थोडं थोडं झिरपत राहतं. बायर कंपनीच्या 'जडेल'मध्ये दोन काड्या असतात, प्रत्येकीत ७५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल, मुदत पाच वर्षं. आधी एमएसडीच्या असलेल्या 'इम्प्लॅनॉन'मध्ये एकच काडी, ६८ मिलिग्रॅम इटोनोजेस्ट्रेल, मुदत तीन वर्षं. गोळी रोज आठवणीने घ्यावी लागते, इंजेक्शनसाठी दर तीन महिन्यांनी दवाखान्यात जावं लागतं. इथे एकदा बसवलं की झालं. वर्षभरात हजार स्त्रियांत एखादीलाच दिवस जातात, इतकं ते खात्रीचं आहे. शिवाय घरात कुणाला कळत नाही, ही अनेकींच्या दृष्टीने मोठीच सोय.

अडचण होती किमतीची. २०१२ पर्यंत गरीब देशांसाठी जडेलची किंमत एका संचाला सुमारे १८ डॉलर होती. देणगीदारांच्या पैशातून खरेदी करणाऱ्या देशाला त्याच रकमेत कितीतरी जास्त गोळ्या आणि निरोध मिळायचे, मग इम्प्लांट मागवणार कोण? मागणी कमी म्हणून उत्पादन कमी, उत्पादन कमी म्हणून किंमत जास्त, आणि किंमत जास्त म्हणून पुन्हा मागणी कमी.

हे चक्र ज्या पद्धतीने तोडलं गेलं ती समजून घेण्यासारखी आहे. आपल्याला हमीभाव माहीत आहे: सरकार शेतकऱ्याला दराची हमी देतं. इथे हमी दराची नव्हती, खरेदीच्या संख्येची होती. गेट्स फाउंडेशन, नॉर्वे, ब्रिटन, अमेरिका, स्वीडन यांच्यासारखे देणगीदार आणि क्लिंटन हेल्थ ॲक्सेस इनिशिएटिव्ह यांनी मिळून बायरशी करार केला. सहा वर्षांत २ कोटी ७० लाख संच विकले जातील याची हमी देणगीदारांची, आणि बदल्यात जानेवारी २०१३ पासून किंमत १८ वरून ८.५० डॉलर. देशांनी तेवढी खरेदी केली नाही तर तूट हमीदार भरून देणार. कंपनीला पुढच्या सहा वर्षांचा धंदा दिसला की ती यंत्रं वाढवू शकते, कच्चा माल घाऊक घेऊ शकते, आणि नग स्वस्तात पडतो. थोड्याच दिवसांत एमएसडीनेही इम्प्लॅनॉनची किंमत साधारण निम्म्यावर आणली. पुढे २०१७ मध्ये चीनच्या शांघाय दाहुआ कंपनीच्या 'लेव्होप्लांट'ला जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वपात्रता मिळाली, आणि देणगीच्या पैशातून खरेदीसाठी तिसरा, आणखी स्वस्त पर्याय खुला झाला.

परिणाम झाला का? झाला, आणि मोठा झाला. विशेषतः आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेकडच्या देशांत इम्प्लांटचा वापर झपाट्याने वाढला. काही देशांत, जिथे आधी फक्त इंजेक्शन चालायचं, तिथे ते पहिल्या दुसऱ्या क्रमांकाचं साधन झालं. बाजाराची रचना बदलून गरीब देशांना औषधं स्वस्त कशी मिळवून द्यायची, याचं हे पाठ्यपुस्तकात घालावं असं उदाहरण आहे. मी हे उपरोधाने म्हणत नाही.

मग टीका कशावर? साडेआठ डॉलरमध्ये काय येतं आणि काय येत नाही, यावर.

गोळी नको झाली की बाई ती घेणं थांबवते. इंजेक्शन नको झालं की पुढच्या वेळी जात नाही. निरोधाचं तर बोलायलाच नको. इम्प्लांट नको झालं तर मात्र दुसऱ्या कुणीतरी ते काढून द्यावं लागतं. भूल द्यायला लिडोकेन हवं, छोटं पातं हवं, बारीक चिमटा हवा, निर्जंतुक गॉज हवं, आणि मुख्य म्हणजे हात बसलेला माणूस हवा. नव्या धर्तीच्या इम्प्लॅनॉनचा ॲप्लिकेटर आधीच भरलेला येतो, त्यामुळे बसवणं मिनिटाभराचं काम. काढणं तसं नाही. काडी खोल गेली असेल तर सोनोग्राफी करून शोधावी लागते. यातलं काहीच साडेआठ डॉलरच्या खोक्यात नसतं. म्हणजे वस्तू स्वस्त झाली, पण ती नाकारण्याचा खर्च होता तिथेच राहिला. काही देशांतल्या अभ्यासांत घालणं फुकट आणि काढायला पैसे, अशीही नोंद आहे.

इथिओपियाचं उदाहरण बघा. तिथे गावपातळीवर 'हेल्थ एक्स्टेंशन वर्कर' असतात. वर्षभराचं प्रशिक्षण घेतलेल्या, सरकारी पगारावरच्या बायका, साधारण पाच हजार वस्तीमागे दोन. आपल्या आशाताई आणि नर्सबाई यांच्या मधलं काहीतरी म्हणा. २००९ पासून इथिओपियाने त्यांना इम्प्लॅनॉन बसवायला शिकवलं. निर्णय शहाणपणाचा होता, कारण डॉक्टरची वाट बघत बसलं असतं तर गावात काहीच पोहोचलं नसतं. पण काढण्याचं काम त्यांच्याकडे दिलं नाही, ते वरच्या आरोग्य केंद्राकडे ठेवलं. वैद्यकीयदृष्ट्या त्याला कारण आहे, मी ते नाकारत नाही. तरी व्यवहारात त्याचा अर्थ असा की साधन घराजवळ येतं आणि सुटकेसाठी मात्र चालत जायचं. एका आरोग्य केंद्राखाली अशी पाचेक गावकेंद्रं. पाच ठिकाणी घातलेलं एका ठिकाणी काढायचं, आणि तिथली शिकलेली परिचारिका त्या दिवशी रजेवर असली तर परत फिरायचं.

हे आधी माहीत नव्हतं असंही नाही. जडेलच्या आधीची पिढी म्हणजे 'नॉरप्लांट', सहा काड्यांचं. पॉप्युलेशन कौन्सिलने विकसित केलेलं, अमेरिकेत डिसेंबर १९९० मध्ये मान्यता मिळालेलं. ते काढताना इतका त्रास व्हायला लागला की अमेरिकेत खटल्यांची रांग लागली आणि २००२ मध्ये ते तिथल्या बाजारातून कायमचं गेलं. इंडोनेशियात सरकारी मोहिमांतून लाखो जणींना नॉरप्लांट बसवलं, आणि पाच वर्षांनी काढायची वेळ आली तेव्हा यंत्रणा अपुरी पडली. भारतात आयसीएमआरने त्याच्या चाचण्या घेतल्या तेव्हा स्त्री संघटनांनी विरोध केला. त्यांच्या आक्षेपांत हाही होता, की ज्या साधनाचं नियंत्रण बाईच्या हातात नाही, ते आपल्या सरकारी यंत्रणेच्या हाती द्यायचं का? तेव्हा त्यांना विज्ञानविरोधी म्हटलं गेलं. माझ्या मते तो प्रश्न औषधशास्त्राचा नव्हता, दवाखान्याच्या रोजच्या कारभाराचा होता.

आता मोजमापाकडे येऊ, कारण माझा खरा आक्षेप तिथे आहे.

कुटुंब नियोजनाच्या कार्यक्रमांत एक एकक सर्रास वापरतात. 'कपल-इयर्स ऑफ प्रोटेक्शन', थोडक्यात सीवायपी. एका जोडप्याला एक वर्ष संरक्षण म्हणजे एक सीवायपी. वेगवेगळी साधनं एका मापात आणायला ते काढलं, आणि कल्पना म्हणून त्यात वावगं काही नाही. यूएसएआयडीने २०११ मध्ये सुधारलेले गुणक असे: १२० निरोध म्हणजे १ सीवायपी, गोळ्यांची १५ पाकिटं म्हणजे १, तीन महिन्यांची ४ इंजेक्शनं म्हणजे १. तांबी बसवली की एकदम ४.६. तीन वर्षांचं इम्प्लांट २.५, पाच वर्षांचं ३.८.

एक साधं गणित करा. मला दहा हजार बायकांपर्यंत पोहोचायचा निधी मिळाला आहे. प्रत्येकीला एक जडेल बसवलं तर अहवालात ३८,००० सीवायपी. प्रत्येकीला एक इंजेक्शन दिलं तर २,५००. दहाही बोटांवर सोडवता येईल असं हे गणित कार्यक्रमाच्या प्रत्येक व्यवस्थापकाला येतं, आणि पुढच्या वर्षीचा निधी त्यावर ठरत असेल तर समुपदेशन कुठल्या बाजूला झुकेल हे सांगायला वेगळ्या मॉडेलची गरज नाही. कुणी वाईट हेतूने वागतंय असं मी म्हणत नाही. मापच एका बाजूला कललेलं आहे.

नीट बघा, सीवायपी बसवल्याच्या दिवशीच जमा होतात. जडेलची मुदत पाच वर्षं असूनही गुणक ३.८ का? काही जणी आधीच काढून घेतात, ती सरासरी वजावट त्यात धरली आहे. ती वजावट येते कुठून? किती जणींनी साधन किती काळ ठेवलं, या अभ्यासांतून. आता समजा एखाद्या भागात काढून मिळणंच अवघड आहे. तिथल्या बायका साधन जास्त काळ 'ठेवतील'. तिथला डेटा गुणकात गेला तर गुणक वाढेल, म्हणजे साधन लोकप्रिय दिसेल. नकारामुळे ठेवलेलं आणि आवडीने ठेवलेलं यात हे माप फरक करू शकत नाही. आमचे सर वर्गात सारखे विचारायचे, "भाजकात कोण आहे?" इथे मी त्यात भर घालेन: अंशात कोण कोण मिसळलंय?

तुम्ही म्हणाल, सीवायपी हा कच्चा आकडा आहे, कार्यक्रमापुरता. घरोघरच्या सर्वेक्षणाचे आकडे तरी बरे असतील. चला, तेही बघू.

जुलै २०१२ मध्ये लंडनला शिखर परिषद झाली आणि उद्दिष्ट ठरलं: जगातल्या सर्वांत गरीब ६९ देशांत २०२० पर्यंत आधुनिक साधनं वापरणाऱ्या स्त्रिया १२ कोटींनी वाढवायच्या. 'एफपी२०२०' म्हणतात ते हेच. प्रत्यक्षात वाढ झाली सुमारे ६ कोटींची. टीकाकार बहुतेक या निम्म्यावरच अडकतात, मला त्यात फार रस नाही. मला रस आहे 'वापरणारी' या शब्दात. सर्वेक्षणात प्रश्न असतो, तुम्ही सध्या काही साधन वापरता का? दंडात काडी असलेली प्रत्येक बाई 'हो' म्हणते. महिन्याभरापूर्वी ती काढायला जाऊन परत आलेली बाईसुद्धा.

पुढची पायरी म्हणजे 'अनमेट नीड', गरज असून साधन न मिळणाऱ्या स्त्रिया. डीएचएस सर्वेक्षणात हे ठरवायचं ठरावीक गणित आहे, २०१२ मध्ये ते सुधारलं गेलं. कधी वेळ काढून ते पायरीपायरीने वाचाच, पेपर समजायला खूप मदत होते. त्यात पहिलीच फांदी अशी: साधन वापरते का? हो असेल तर तिची गरज भागली. मग फक्त दोन कप्पे: आणखी मूल नको असेल तर 'थांबवण्यासाठी वापर', बाकी सगळ्या 'अंतर ठेवण्यासाठी वापर'. आता एक बाई डोळ्यांसमोर आणा. तिला आत्ता मूल हवं आहे. ती इम्प्लांट काढायला दोनदा जाऊन आली, दोन्ही वेळा "अजून वर्ष बाकी आहे, कशाला काढतेस" असं ऐकून परत आली. हे गणित तिला कुठल्या कप्प्यात टाकेल? 'अंतर ठेवण्यासाठी वापर, गरज भागलेली.' शाश्वत विकास उद्दिष्टांतला ३.७.१ हा निर्देशांक आधुनिक साधनांनी गरज भागलेल्यांचं प्रमाण मोजतो. त्याच्या अंशातही ती आहेच.

सीवायपी, वापरणाऱ्यांची संख्या, भागलेली गरज. तिन्ही ठिकाणी ही बाई यश म्हणून नोंदली जाते. संरक्षण हवं असून न मिळणारी बाई मोजायला आपल्याकडे चाळीस वर्षांची यंत्रणा आहे, आणि नको असून न सुटणारीसाठी साधा रकानाही नव्हता. समन्याय्य उपलब्धता या शब्दाची व्याख्या आपण वस्तू पोहोचण्यापाशी थांबवली, त्याचा हा परिणाम आहे.

यावर काम करणाऱ्यांत लेह सेंडेरोविच हे नाव लक्षात ठेवा. २०१९ मध्ये त्यांनी एका आफ्रिकी देशातल्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात जबरदस्ती म्हणजे फक्त धाकदपटशा नव्हे. अर्धवट माहिती देणं, एकाच साधनाकडे ढकलणं, काढायला नकार देणं, हे सगळं एका सलग पट्टीवर मांडलं आहे. पुढच्या वर्षी 'गर्भनिरोधन स्वायत्तता' मोजण्यासाठी वेगळा निर्देशांक सुचवला. त्यात वापरते की नाही यापेक्षा, माहितीपूर्ण, पूर्ण आणि मोकळी निवड करता आली का, हे पाहिलं जातं. म्हणजे माहिती घेऊन स्वतःच्या मर्जीने साधन न वापरणारी बाईही तिथे यशात मोजली जाते. हे मला पटतं. माझी तक्रार एवढीच की इतके प्रश्न विचारणारी प्रश्नावली मोठ्या सर्वेक्षणात बसवणं फार अवघड आहे. गरीब देशांचे आरोग्य विभाग असं माप दरवर्षी वापरतील असं मला वाटत नाही. त्यापेक्षा पीएमए सर्वेक्षणाने केलं ते जास्त कामाचं: इम्प्लांट वापरणारीला विचारलं, गेल्या वर्षभरात काढायचा प्रयत्न केला का, कुठे गेलात, आणि निघालं नसेल तर का? दोन-तीन प्रश्न, बस. किंमत उतरल्यावर काही वर्षांनी काढण्याच्या सेवेसाठी स्वतंत्र कार्यगटही झाला, त्यांनी निकष बनवले. चांगलंच झालं. पण २ कोटी ७० लाखांची हमी लिहिताना त्याच कागदावर काढण्याच्या साहित्याचीही हमी लिहिता आली असती. पाच वर्षांनी काड्या काढाव्या लागतील हे करारावर सही करणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं.

२०२५ मध्ये हा मुद्दा चर्चेच्या बाहेर येऊन अंगावर आला. कुटुंब नियोजनासाठी देणगीदार सरकारांकडून येणाऱ्या जगातल्या एकूण पैशात अमेरिकेचा वाटा सुमारे ४० टक्के होता. तो निधी थांबला. बेल्जियममधल्या गेल गावातल्या गोदामात अमेरिकेने आधीच विकत घेतलेली सुमारे ९७ लाख डॉलरची गर्भनिरोधकं पडून होती, त्यांत इम्प्लांटही होती, आणि ती गरजूंना न देता जाळून टाकायचा निर्णय जुलैमध्ये जगभर गाजला. बातम्यांनी गोदाम दाखवलं, ते योग्यच. पण निधी थांबल्यावर दवाखाने बंद पडले तेव्हा गोळीवाल्या बाईचं आणि इम्प्लांटवाल्या बाईचं नुकसान एकसारखं झालं नाही. एकीला साधन मिळेनासं झालं, दुसरीच्या दंडातलं काढणारं कुणी उरलं नाही. पहिलीची मोजदाद 'अनमेट नीड'मध्ये होईल. दुसरी अजूनही 'वापरणारी'. शिवाय १९८४ पासून चालत आलेल्या डीएचएस सर्वेक्षणाचा अमेरिकी निधीही त्याच वर्षी तुटला, म्हणजे सदोष का होईना, जो आरसा होता तोही धूसर झाला.

हे सगळं लांबचं वाटत असेल तर आपल्याकडचा एक आकडा सांगते. सीवायपीच्या यादीत नसबंदीचा जागतिक गुणक १० आहे. भारत, नेपाळ आणि बांगलादेशसाठी मात्र १३. कारण आपल्याकडे बायकांची ऑपरेशनं फार लहान वयात होतात, पंचविशीच्या आसपास, त्यामुळे 'संरक्षणाची वर्षं' जास्त. आपल्याकडे बाईला लवकर कायमचं थांबवलं जातं ही चिंतेची बाब या मापात तीन गुण जास्त मिळवून देते. एनएफएचएस-५ नुसार देशातल्या सुमारे ३८ टक्के विवाहित स्त्रियांचं साधन हेच आहे. सरकारने १९९६ मध्ये टार्गेट रद्द केली, पण गावाकडे अजून ऑपरेशनला 'केस' आणणं असंच म्हणतात.

आता भारताच्या सरकारी कार्यक्रमातही इम्प्लांट टप्प्याटप्प्याने येतंय. मी त्याच्या विरोधात नाही. गोळी, निरोध, तांबी, अंतरा इंजेक्शन यांच्या जोडीला आणखी एक पर्याय असावा, आणि पंचविशीत ऑपरेशन करण्यापेक्षा तो नक्कीच बरा. ज्यांना विषय शोधायचा आहे त्यांच्यासाठी इथे कुणी फारसं न केलेलं काम पडलं आहे, आणि त्याला परदेशी डेटाची गरज नाही. जिथे इम्प्लांट सुरू झालंय अशा एखाद्या जिल्ह्यात आवश्यक त्या परवानग्या काढून जा. बसवायचं प्रशिक्षण कितींना मिळालं आणि काढायचं कितींना, हे वेगवेगळं विचारा. काढायचं साहित्य भांडारात वेगळ्या नोंदीखाली येतं की नाही ते बघा. मग रजिस्टर उघडा. 'बसवलं' हा रकाना असेल, बहुधा 'काढलं' हाही असेल. 'काढायला आली, पण काढलं नाही' असा रकाना आहे का, आणि नसेल तर ती नोंद परिचारिका कुठे करते, ते तिलाच विचारा.